गुरगुट्या भात आणि रक्तातील साखर

गेल्या वर्षी श्रावणातील एका सोमवारी, दुपारी चारच्या सुमारास, आमच्या पूर्णा गावातील दवाखान्यासमोर एक रिक्षा थांबली. तिच्यातून शहात्तर वर्षांच्या एका आजींना त्यांच्या सूनबाई आणि नातवाने अक्षरशः उचलून आत आणले. अंग घामाने डबडबलेले, नजर शून्यात, बोलणे असंबद्ध. बोटाला सुई टोचून पाहिले, तर रक्तातील साखर अवघी ४८. सूनबाई रडवेल्या होऊन सांगत होत्या, ‘डॉक्टर, मी साखरेचं पाणी दिलं, मग पेढाही भरवला. वीस मिनिटं झाली, तरी काहीच फरक पडेना.’ शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत आजींनी डोळे नीट उघडले आणि ‘मी इथं कशी आले?’ असे विचारले. आम्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला.

वाचकहो, या प्रसंगात चूक सूनबाईंची नव्हती, आजींची तर नव्हतीच. चूक माझी होती. ती कशी घडली हे सांगितल्याखेरीज आजचा विषय आपल्या लक्षात यायचा नाही, म्हणून थोडे मागे जातो.

या आजींना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. औषधे वेळच्या वेळी, चालणे नेमाने, गोडाचा सोस नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी कित्येक वर्षे साडेसातच्या आत होती. ज्येष्ठात त्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरून येऊन कवळी बसेपर्यंत दोन-तीन महिने थांबणे भाग होते. आषाढाच्या अखेरीस तपासणीला आल्या तेव्हा जेवणानंतरची साखर १९० वरून २८० च्या पुढे गेलेली. मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘आजी, गोडधोड चालू आहे का?’ त्या दुखावल्या. ‘साखरेचा कणही खात नाही, देवाशपथ,’ म्हणाल्या. मी मान डोलावली, मनातून फारसा विश्वास ठेवला नाही, असलेल्या गोळीची मात्रा वाढवली आणि जेवणाआधी घ्यायची व्होग्लिबोज नावाची आणखी एक गोळी जोडून दिली. पुढे श्रावणी सोमवार आला. आजींनी सकाळच्या गोळ्या घेतल्या, खाल्ले मात्र दोन चमचे साबुदाणा, आणि दुपारी जे व्हायचे ते झाले.

मी जो प्रश्न विचारायला हवा होता, तो त्या दिवशी सायंकाळी विचारला. ‘आजी काय खातात’ हे मला ठाऊक होते. ‘ते कसे शिजवलेले असते’ हे मी कधीच विचारले नव्हते. सूनबाई म्हणाल्या, ‘दात नाहीत, चावता येत नाही, म्हणून भाकरी बंद केली. दोन्ही वेळा भातच देते. कुकरच्या सहा-सात शिट्ट्या करते आणि मग मिक्सरमधून एकदा फिरवते. वरणही गाळून पातळ करते, भाजीतला रस तेवढा घालते.’ सासूवरील मायेने केलेला हा मऊसूत, गुरगुट्या भातच साखर वाढवीत होता. धान्य तेच, घर तेच. बदलले होते ते दात आणि शिजवण्याची रीत.

एका शितात काय दडलेले असते

तांदूळ, गहू, ज्वारी, नाचणी, साबुदाणा, बटाटा या साऱ्यांचा मुख्य भाग म्हणजे पिष्ट, म्हणजेच स्टार्च. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ. चवीला गोड नाही, पण पचले की अखेर ग्लुकोजच हाती लागते. म्हणून ‘मी साखर खात नाही’ हे वाक्य खरे असूनही अपुरे असते.

या माळा दोन प्रकारच्या असतात. एक सरळ, फारशा फांद्या नसलेली. तिला अमायलोज म्हणतात. दुसरी झाडासारखी फांद्या फुटलेली, ती अमायलोपेक्टिन. फांद्या जितक्या अधिक, तितकी टोके अधिक आणि पाचकरसाला एकाच वेळी कुरतडायला जागाही अधिक. म्हणून चिकट होणारा, अमायलोज कमी असलेला तांदूळ लवकर पचतो. मोकळा, सुटसुटीत शिजणारा तांदूळ त्या मानाने सावकाश. आपल्या शेजारच्या वाडा तालुक्यातील कोलम तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा भिवंडीकरांनाही आनंद आहे. पण कोलम असो वा बासमती, तांदळाचे नाव ही गोष्टीची केवळ सुरुवात आहे. पुढची गोष्ट चुलीवर घडते.

कच्च्या दाण्यात हे पिष्ट घट्ट रचलेल्या सूक्ष्म कणांत बंदिस्त असते. कच्चे तांदूळ खाल्ले तर ते नीट पचत नाहीत, ते यामुळेच. पाणी आणि उष्णता मिळाली, की साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची घट्ट घडी उलगडते आणि पाचकरसाला आत शिरायला वाट मिळते. भात शिजतो तो असा. पाणी जितके अधिक, वेळ जितका अधिक, तितकी घडी अधिक उलगडते. शीत फुटून गुरगुट झाले, वर ते मिक्सरमधून फिरले, की जठराला आणि आतड्याला करायला फारसे काम उरत नाही.

हेच शिजलेले पिष्ट थंड झाले, की त्यातील काही माळा पुन्हा एकमेकींना बिलगून घट्ट होतात. गार झालेला भात टणक लागतो तो यामुळे. असा भाग पाचकरसाला दाद देत नाही. तो लहान आतडे ओलांडून थेट मोठ्या आतड्यात जातो. केंब्रिज येथील संशोधक हान्स एंग्लिस्ट यांनी १९८२ मध्ये त्याला ‘रेझिस्टंट स्टार्च’ म्हणजे पचनाला न जुमानणारे पिष्ट असे नाव दिले. पुढे १९९२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिष्टाचे तीन वर्ग मांडले: प्रयोगशाळेत पाचकरस घातल्यावर पहिल्या २० मिनिटांत पचणारे, २० ते १२० मिनिटांत सावकाश पचणारे, आणि १२० मिनिटांनंतरही न पचलेले. घरातील एकाच डब्यातल्या तांदळात, शिजवण्याच्या रीतीप्रमाणे, या तिन्हींचे प्रमाण बदलते.

तोंडापासून आतड्यापर्यंत

पिष्टाचे पचन तोंडातच सुरू होते. लाळेतील अमायलेज हा पाचकरस माळ तोडू लागतो. भाकरीचा घास बराच वेळ चावला तर गोडसर लागतो, तो त्यामुळे. जठरातील आम्लात हे काम बरेचसे थांबते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा अमायलेज उरलेल्या माळांचे बारीक तुकडे करतो, आणि आतड्याच्या अस्तरावरील पाचकरस त्या तुकड्यांचे सुटे ग्लुकोज करून रक्तात सोडतात. व्होग्लिबोज, अकार्बोज या गोळ्या नेमक्या या शेवटच्या पायरीवर काम करतात. त्या अस्तरावरील पाचकरसांचा वेग मंदावतात, म्हणून जेवणानंतरची साखर एकदम चढत नाही.

आता आजींच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. घरातील साखर आणि पेढ्यातील साखर हे सुटे ग्लुकोज नसते. साखरेचा प्रत्येक रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीने बनलेला असतो, आणि ती जोडी तोडणाराही याच अस्तरावरील पाचकरस. गोळीने त्याचेच हात बांधलेले. मग साखरेचे पाणी वेळेवर उपयोगी कसे पडणार? सूनबाईंनी जे केले ते एरवी अगदी योग्य होते. या गोळीसोबत घरात ग्लुकोज पावडर हवी, हे मी सांगायला हवे होते आणि मी सांगितले नव्हते.

म्हणून कृपया आजच आपल्या किंवा आपण ज्यांची काळजी घेता त्यांच्या गोळ्यांची पट्टी पाहा. तिच्यावर व्होग्लिबोज, अकार्बोज किंवा मिग्लिटॉल यांपैकी नाव असेल, आणि सोबत साखर खाली आणणारी दुसरी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर औषधांच्या दुकानात मिळणारी साधी ग्लुकोज पावडर घरात हाताशी ठेवा. घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी आलेला चिडचिडेपणा किंवा गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे होत. वृद्धांत कधीकधी केवळ गप्प बसणे किंवा गुंगी एवढेच दिसते. साखर ७० च्या खाली असेल तर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण तीन चमचे ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडल्यास पुन्हा द्या. बरे वाटल्यावर थोडे जेवण द्या आणि डॉक्टरांना कळवा. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नका. कुशीवर निजवा आणि विनाविलंब रुग्णालयात न्या.

पचनाचा वेग कशाकशाने बदलतो

धान्याच्या प्रकाराखेरीज आणखी काही गोष्टी हा वेग ठरवतात. त्या स्वयंपाकघरातल्याच आहेत.

पहिली गोष्ट दळण. अख्खा दाणा, जाडसर रवा आणि बारीक पीठ या तिन्हींत धान्य तेच असले, तरी कण जितका बारीक तितका पाचकरसाचा स्पर्श अधिक. नाचणी मधुमेहाला चांगली म्हणून अनेक घरांत वस्त्रगाळ पिठाचे पातळ आंबील वाडगाभर दिले जाते आणि साखर वाढली की सारे बुचकळ्यात पडतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, कोंडा आहे, हे खरे. पण बारीक दळून, भरपूर पाण्यात उकळून, न चावता प्यायलेले पिष्ट लगेच पचणारच. तीच नाचणी भाकरीच्या रूपात, उसळीसोबत, चावून खाल्ली तर वेग कमी होतो. कुरमुरे हलके म्हणून ‘चालतात’ असा समज आहे. प्रत्यक्षात फुलवलेल्या दाण्यातील पिष्ट फार लवकर पचते.

दुसरी गोष्ट सोबत. डाळी आणि कडधान्ये यांतील पिष्ट पेशींच्या मजबूत भिंतींत बंद असते, त्यात अमायलोजही अधिक असते आणि प्रथिनांचा वेढा असतो. म्हणून हरभरा, मटकी, चवळी, मूग सावकाश पचतात. ज्वारीच्या बाबतीतही पिष्टकणांभोवतीची प्रथिने शिजल्यावर घट्ट होतात आणि पाचकरसाला काहीशी अडवतात. तेलातुपाने अन्न जठरात अधिक वेळ रेंगाळते. परंतु यातून तुपाची वाटी रिकामी करण्याचा परवाना मिळत नाही, कारण उष्मांक आपला हिशेब चुकता करतातच. लिंबू, चिंच, कोकम, ताक यांच्या आंबटपणानेही पिष्ट पचण्याचा वेग थोडा मंदावतो असे काही प्रयोगांत दिसले आहे. वरणभातावर लिंबू पिळण्याची आपली रीत केवळ चवीची नव्हे.

तिसरी गोष्ट क्रम. न्यूयॉर्कमधील एका छोट्या अभ्यासात, २०१५ मध्ये, असे दिसले की तेच जेवण भाजी आणि प्रथिने आधी, पिष्ट शेवटी अशा क्रमाने खाल्ल्यास जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी चढते. आपल्या ताटात हे सहज जमते. आधी कोशिंबीर किंवा शिजवलेली भाजी आणि उसळ यांचे चार घास, मग भाकरी किंवा भात.

चौथी गोष्ट उकडा तांदूळ. कोकणात साळी सालासकट भिजवून, उकडून, वाळवून मग सडतात. यात पिष्ट एकदा फुगून पुन्हा घट्ट होते आणि सालीखालील ब जीवनसत्त्वांचा काही भाग दाण्याच्या आत उतरतो. पांढऱ्या, चकचकीत पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा उकडा तांदूळ सहसा सावकाश पचतो. मात्र त्याचीच पातळ पेज केली, तर हा लाभ बराचसा विरघळून जातो.

येथे दोन गैरसमज दूर करतो. भाताचे पाणी काढून टाकले की ‘साखर निघून जाते’ असे पुष्कळजण मानतात, आणि त्यासाठी खास भांडीही घेतात. पाण्याबरोबर थोडे पिष्ट जाते हे खरे; पण बहुतांश पिष्ट शितातच राहते आणि ब जीवनसत्त्वे मात्र ओतली जातात. दुसरा समज शिळ्या भाताचा. गार भातातील काही पिष्ट पचत नाही, हे ऐकून रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नका. आपल्या हवेत अशा भातात उलट्या-जुलाब घडवणारे जंतू वाढतात, त्यांचे एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही, आणि सत्तरीच्या माणसाला एक दिवसाचे जुलाबही झोपवू शकतात. भात ठेवायचाच असेल तर पसरट भांड्यात लवकर निववून, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करा. यातून मिळणारा लाभ लहान आहे; त्यासाठी मोठा धोका पत्करू नये.

गोठ्यातील तोच धडा

आमच्या पूर्णा, काल्हेर, राहनाळ या पट्ट्यात जिथे आज गोदामांच्या रांगा आहेत, तिथे एकेकाळी भातखाचरे होती. काही घरांत आजही म्हशी आहेत. जनावरे पाळणाऱ्या जाणत्या माणसाला ठाऊक असते, की लग्नाघरचा उरलेला भात टोपलीभर गुरांपुढे ओतू नये. गाईम्हशींच्या कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव असतात. ते चारा सावकाश आंबवतात. शिजलेले किंवा बारीक दळलेले धान्य अचानक खूप मिळाले, की पिष्ट झपाट्याने आंबते, आम्ल साचते, कोटीपोटाची हालचाल थांबते आणि जनावर दगावूही शकते. पशुवैद्यक याला ॲसिडोसिस म्हणतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूरजवळ कणेरी येथील उत्सवाच्या काळात अन्न खाऊन ५० हून अधिक गाई दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. गाईला घास देताना कोणाच्याही मनात वाईट नसते. परंतु मायेने भरवलेले अन्नही पोट पाहूनच भरवावे लागते. माणसाच्या बाबतीत परिणाम निराळा, तत्त्व मात्र हेच.

म्हातारपणी हिशेब का बदलतो

तेच ताट चाळिशीत पचले, तसे पंचाहत्तरीत पचत नाही. दात जातात, लाळ आटते. काही औषधांनीही तोंड कोरडे पडते. न चावता येणारे अन्न गळते आणि मऊ पिष्ट तेवढे उरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्नायू झिजतात. जेवणानंतर रक्तात आलेले ग्लुकोज साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठार लहान झाले की माल अंगणात पडून राहतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे, की आपल्याकडची नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक आणि स्नायू कमी असतात. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांचे कोठार मुळातच लहान. म्हातारपणी ते आणखी आकसते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्याच पाहणीतील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या जेवणातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि पांढऱ्या तांदळाऐवजी नुसते गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणले, पण एकूण कर्बोदके तितकीच ठेवली, तर धोका कमी झालेला दिसत नाही, असे त्यात आढळले. म्हणजे शिजवण्याच्या साऱ्या युक्त्या आपल्या जागी. मूळ प्रश्न ताटातील प्रमाणाचा आहे. १०० ग्रॅम कोरड्या धान्यात, मग ते कोणतेही असो, साधारण ६५ ते ८० ग्रॅम कर्बोदके असतात. भात सोडून चार भाकऱ्या खाणे म्हणजे दार बदलून त्याच घरात शिरणे होय.

मऊ अन्न बंद करायचे का?

मुळीच नाही. हा लेख वाचून कोणी आपल्या आईला उद्यापासून कोरडी भाकरी चावायला लावू नये. ज्यांना दात नाहीत, ज्यांना पक्षाघात झाला आहे, ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांना मऊ अन्नच हवे. अन्न श्वासनलिकेत जाणे हे साखर वाढण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे. ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रियेनंतर लगेच पचणारी पेज हे वरदानच आहे. शिवाय म्हातारपणी वजन घटणे हे फार वाईट लक्षण. साखरेच्या भीतीने उपाशी ठेवलेले म्हातारे माणूस मधुमेहाने नव्हे, अशक्तपणाने पडते आणि खुब्याचे हाड मोडून घेते.

म्हणून मऊपणा ठेवा, त्यातील पिष्टाचा वाटा कमी करा. आजींच्या घरी आम्ही हेच केले. भाताचे प्रमाण निम्म्यावर आणले आणि त्यात तितकीच मुगाची डाळ, न गाळता, घालून मऊ खिचडी सुरू केली. दुधी, भोपळा, पालक शिजवून, घोटून खिचडीतच मिसळले. रोज एका वेळी मऊ उकडलेले अंडे किंवा कुस्करलेले पनीर, दुसऱ्या वेळी घट्ट दही. मिक्सर बंद केला. पळीच्या पाठीने घोटणे पुरते. जेवणानंतर लगेच आडवे न होता घरातल्या घरात, सूनबाईंचा हात धरून, दहा मिनिटे चालणे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी डाळ, अंडी वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

उपवासाबद्दल एक शब्द. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने आणि कोंडा नावापुरते. उपवासाचे दोन धोके असतात: गोळी घेऊन न खाल्ले तर साखर उतरते, आणि संध्याकाळी साबुदाण्यावर आडवा हात मारला तर ती चढते. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी उपवास करू नये असे मी म्हणत नाही. आदल्या आठवड्यात डॉक्टरांना भेटून त्या दिवसाची गोळी किती आणि केव्हा, हे विचारावे. ताक, दूध, दाण्याचे कूट, भाजलेला राजगिरा यांचा आधार घ्यावा. आणि भोवळ आली तर उपवास मोडण्यात कसलाही कमीपणा मानू नये.

घरी ग्लुकोमीटर असेल, तर एक सोपा प्रयोग करून पाहा. एके दिवशी वाटीभर मऊ भात नुसत्या आमटीच्या पाण्यासोबत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेवढाच भात न गाळलेले वरण, भाजी आणि दही यांच्यासोबत. दोन्ही दिवशी पहिल्या घासापासून मोजून दोन तासांनी साखर तपासा. तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. कोणते अन्न कोणाला कसे मानवते, हे माणसागणिक थोडे बदलते. ही वही माझ्यासारख्या डॉक्टरला कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक शिकवते. मात्र त्या आकड्यांवरून आपल्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका. आणि ऐंशीच्या माणसाचे साखरेचे उद्दिष्ट चाळिशीच्या माणसाइतके कडक नसते, हेही ध्यानात असू द्या. थोडी वाढलेली साखर सहन होते, एकाएकी उतरलेली होत नाही.

आजींची दुसरी गोळी मी त्याच आठवड्यात बंद केली, पहिलीची मात्रा पूर्ववत केली. दिवाळीच्या सुमारास कवळी बसली. सुरुवातीला त्या कवळी डबीतच ठेवीत. सूनबाईंनी तांदळाची भाकरी मऊ करून, तीही अर्धीच, उसळीच्या रश्शात बुडवून द्यायला सुरुवात केली, तशी कवळी तोंडात राहू लागली. आता जेवणानंतरची साखर २०० च्या आसपास असते. त्यांच्या वयाला ती मला पुरेशी वाटते.

मागच्या महिन्यात आजी आल्या तेव्हा मी विचारले, ‘आजी, काल रात्री भात कसा शिजवला होता?’ त्यांनी आधी सूनबाईंकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाल्या, ‘आता बरोबर विचारलंत.’ पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही, तर आपणच सांगून टाका.